श्वसनमार्गातील पक्ष्माभिका आणि यवतमाळची फवारणी विषबाधा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीमुळे २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या घटनेची बरीचशी मीमांसा 'निष्काळजीपणा' या एका शब्दाभोवती फिरत राहिली. तोंडाला मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, दोन-तीन औषधे एकत्र केली, इत्यादी. ही मीमांसा असत्य नसली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन : श्वासनलिकेच्या अस्तरावरील पक्ष्माभिका लयबद्ध हालचालीने धूळ व जंतूंसह श्लेष्मा घशाकडे ढकलतात. पेशीतील कॅल्शियमची पातळी वाढली की हा वेग सामान्यतः वाढतो. म्हणजेच कॅल्शियम हा पेशीचा संदेशवाहक आहे आणि अनेक विषे हा संदेशच बिघडवितात.

याचे अभ्यासलेले उदाहरण समुद्रकिनाऱ्यावर मिळते. अमेरिकेतील फ्लोरिडात 'कॅरेनिया ब्रेव्हिस' या सूक्ष्म शैवालाचे ब्रेव्हेटॉक्सिन लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळते आणि किनाऱ्यावरील लोकांना खोकला व धाप लागते. हे विष मज्जापेशींचे सोडियम मार्ग उघडे ठेवते. मेंढ्यांवरील प्रयोगांत त्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावल्याचे व श्लेष्मवहन मंदावल्याचे आढळले. हे आकुंचन ॲट्रोपिनने रोखता आले.

यवतमाळला समुद्र नाही. परंतु ॲट्रोपिन येथेही परिचित आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्प्रभ करतात. साचलेल्या ॲसिटिलकोलीनमुळे श्वासनलिकेच्या स्नायूपेशींत कॅल्शियम मुक्त होऊन नलिका आवळतात, स्राव वाढतो आणि रुग्ण गुदमरतो. ॲट्रोपिन हा परिणाम रोखते.

खरा प्रश्न यापुढे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह पाच जिल्ह्यांत ज्या पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, ती सर्व या गटातील नव्हती. त्यांतील डायफेन्थियुरॉन पेशीच्या ऊर्जानिर्मितीवर आघात करते. तेथे ॲट्रोपिन हा उतारा नव्हे. पक्ष्माभिकांनाही ऊर्जा लागते, म्हणून त्यांच्यावरील परिणाम संभवतो. अर्थात हे केवळ अनुमान आहे. तात्पर्य, 'विषबाधा' या एका शब्दाखाली निरनिराळ्या इजा झाकल्या जातात आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द डॉक्टरांना उतारा सांगू शकत नाही. मृतांच्या आकड्यात, जे वाचले परंतु खोकत राहिले, त्यांना स्थान नसते.

मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. फवारणीत विष त्वचेतूनही मोठ्या प्रमाणात शरीरात जाते. तसेच मेंढीवरील निष्कर्ष मजुराला जसाच्या तसा लागू होत नाही.

निष्कर्ष : आपल्या वर्गांत प्राणिशास्त्रातील पक्ष्माभिका पॅरामेशियमपाशी थांबतात, रसायनशास्त्रातील कीटकनाशक रेणुसूत्रापाशी आणि अर्थशास्त्रातील कापूस हमीभावापाशी. हे तिन्ही विषय ज्याच्या छातीत एकत्र येतात, तो फवारणी करणारा मजूर मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. डब्यावरील औषधाचे नाव, पंपाचा प्रकार, पिकाची उंची, वाऱ्याची दिशा आणि हंगामापूर्वी व नंतर मजुराच्या फुप्फुसांची क्षमता, एवढ्या नोंदी महाविद्यालयांना वैद्यकीय सहकार्याने ठेवता येतील. त्यांशिवाय दोष कोणाचा, हा निर्णय घाईचा ठरेल.