पळावं की फेकावं?

११ नोव्हेंबर २०२३. पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं घसा फाटेस्तोवर ओरडताहेत आणि मिशिगनचा संघ दुसऱ्या अर्धात चेंडू फेकायलाच तयार नाही. अधिकृत नोंदीत त्या अर्धात त्यांच्या नावावर एकही पास नाही. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी काही फेकता न येणारा गडी नव्हता. पुढच्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगने त्याला खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत उचललं. पण त्या दुपारी पूर्ण सामन्यात त्याने आठ पास टाकले, त्यातले सात पोचले, आणि मग त्याचं काम उरलं ते चेंडू ब्लेक कोरमच्या पोटात कोंबण्याचं. कोरम हा ठेंगणा, दणकट रनिंग बॅक. पुढे काय होणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पेन स्टेटच्या अकराही बचावपटूंना तर होतंच. तरी तो चार-चार, पाच-पाच यार्ड घेत राहिला. मिशिगन २४, पेन स्टेट १५.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘बॅलन्स’ हा शब्द सतत असतो. चांगलं आक्रमण म्हणजे निम्मं पळणं, निम्मं फेकणं, असा एक समज प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मग मिशिगनचा हा दुसरा अर्ध असंतुलित म्हणायचा? माझ्या मते त्या हंगामातला तो सगळ्यांत संतुलित संघ होता, आणि पळण्या-फेकण्याच्या संख्या मोजणारा हिशोबच मुळात फसवा आहे.

आधी खेळाविषयी थोडं. (कोल्हापूरकरांनी माफ करावं, हा फुटबॉल पायाने फारसा खेळत नाहीत.) दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला क्वार्टरबॅकपुढे ढोबळमानाने दोन वाटा असतात: चेंडू रनिंग बॅकच्या हाती देऊन त्याला पळवायचं, किंवा पुढे धावत गेलेल्या रिसीव्हरकडे फेकायचा. पळण्यात धोका कमी आणि मिळकतही कमी. पास हातात पडला तर मोठा लाभ. जमिनीवर पडला तर एक संधी वाया, घड्याळही थांबतं. आणि विरुद्ध बाजूने झेलला तर चेंडूच गेला.

पुढे फेकलेला पास खेळात आला तोच मुळी औषध म्हणून. १९०५ च्या हंगामात नुसत्या रेटारेटीच्या खेळात डझनाहून अधिक तरुण मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि १९०६ पासून पासला परवानगी मिळाली. पण कशी, तर कुणाचाही स्पर्श न होता पास जमिनीवर पडला की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला. त्याच वर्षी सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला, तो जमिनीवर पडला आणि चेंडू गेला. दुसरा मात्र प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार पोचला, म्हणजे टचडाउन ठरला. पास म्हणजे जुगार ही समजूत तेव्हापासूनची. पुढे नियम सैल झाले आणि १९१३ मध्ये नोत्र दामने गस डोरे आणि नूट रॉकनी या जोडीच्या पासांवर बलाढ्य आर्मीला ३५-१३ असं हरवलं. तरीही पास टाकला तर तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट, ही म्हण जुन्या प्रशिक्षकांच्या ओठांवर पुढे कित्येक वर्षं राहिली.

आता हिशोबाकडे. एनएफएलमध्ये पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे गाठून लोळवलं, म्हणजे सॅक केलं, तर गमावलेले यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात. कॉलेजात ते पळण्याच्या खात्यातून वजा होतात आणि ते पळणंच धरलं जातं. म्हणजे एखाद्या संघाने पंचेचाळीस वेळा पास टाकायचं ठरवलं आणि क्वार्टरबॅक पाच वेळा सापडला, तर नोंद म्हणते चाळीस पास आणि वर पाच धावा, त्याही उलट्या दिशेच्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहितो की यांना पळता येत नाही. पळायला गेलं होतं कोण?

त्याहून मोठी गफलत कार्यकारणाची आहे. जिंकणारे संघ जास्त पळतात हे आकडे दाखवतातच. पण बहुतेकदा ते जिंकत असतात म्हणून पळतात. चौथ्या पावात दोन टचडाउनांची आघाडी असली की शहाणा प्रशिक्षक चेंडू पळवतो, कारण धावपटू मैदानाच्या आत लोळवला गेला तर घड्याळ चालू राहतं. हरणारा फेकत सुटतो, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. ‘आम्ही चाळीस वेळा पळालो की हरत नाही’ असं अभिमानाने सांगणारे प्रशिक्षक अजूनही भेटतात, आणि समोरचे वार्ताहर माना डोलावतात.

खेळाच्या इतिहासात डोळ्यांत भरतात ते निम्मे-निम्मे संघ नव्हेतच. १९६८ मध्ये टेक्ससमध्ये डॅरेल रॉयल यांच्या हाताखाली एमोरी बेलार्ड यांनी विशबोन उभं केलं: क्वार्टरबॅकमागे तिघं, आणि एकाच चालीत तीन पर्याय. ओक्लाहोमाने ते उचललं आणि १९७१ मध्ये सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड पळून जो विक्रम केला, तो अजून कुणी मोडलेला नाही. (त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी नेब्रास्काने त्यांना ३५-३१ हरवलं, तो भाग वेगळा.) दुसऱ्या टोकाला युटामध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे प्रशिक्षक लावेल एडवर्ड्स. मोठ्या विद्यापीठांसारखे तगडे गडी आपल्याकडे येणार नाहीत हे ओळखून त्यांनी सत्तरच्या दशकात पासवर सगळा डाव लावला आणि १९८४ मध्ये १३-० अशी राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत मजल मारली.

एडवर्ड्स यांच्या त्या खेळातूनच हॅल मम आणि माइक लीच यांचा ‘एअर रेड’ निघाला. लीच हे या सगळ्या कथेतलं माझं आवडतं पात्र. कॉलेजात कधी फुटबॉल खेळले नाहीत, वकिलीची पदवी घेतली, आणि आयोवा वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजांतून वर येत २००० मध्ये टेक्सस टेकला मुख्य प्रशिक्षक झाले. निम्मं-निम्मं हे संतुलन त्यांना साफ मूर्खपणाचं वाटायचं. चेंडू हाताळू शकणाऱ्या प्रत्येक जागेचा माणूस खेळात यावा, बचावाला मैदानाचा प्रत्येक कोपरा राखावा लागावा, हे त्यांचं संतुलन. यामागे एक अगदी व्यवहारी कारणही होतं. कॉलेज खेळाडूला हंगामात आठवड्याला वीस तासच सराव करता येतो. या वीस तासांत धावण्याच्या वीस चाली आणि पासच्या वीस चाली बसवायच्या, तर कुठलीच धड बसत नाही. लीचनी मोजक्या चाली घेतल्या आणि त्याच घोटल्या. टेक्सस टेकचा बी. जे. सिमन्स २००३ मध्ये एका हंगामात ५,८३३ यार्ड फेकून गेला, तो या घोटण्यातून.

लीचभक्तांना मात्र एक तारीख अडचणीची आहे: २२ नोव्हेंबर २००८. टेक्सस टेक तोवर अपराजित होतं आणि ओक्लाहोमाने त्यांना ६५-२१ असं धुतलं. त्या ओक्लाहोमाकडे सॅम ब्रॅडफर्ड होता, हंगामात पन्नास टचडाउन पास टाकणारा. आणि त्याच संघात हजाराहून जास्त यार्ड पळालेले दोघं होते. नुसत्या प्रमाणाबद्दल लीच बरोबर होते. पण बचावाला आपल्या फेकण्याचीही भीती वाटते आणि पळण्याचीही, हे वेगळं बळ आहे, आणि ते त्यांच्या संघाकडे नव्हतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कॉलेज फुटबॉलने या प्रश्नाला जे उत्तर दिलं, ते सगळ्यांत रंजक आहे. संतुलन दोन चालींमध्ये वाटण्याऐवजी एकाच चालीत घातलं गेलं. याला आरपीओ म्हणतात, रन-पास ऑप्शन. पुढचे पाच दणकट गडी पळण्याची चाल समजूनच समोरच्याला ढकलत सुटतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, पण हात सोडत नाही. त्याची नजर एका माणसावर खिळलेली असते, बहुधा मधल्या फळीतल्या लाइनबॅकरवर. हा लाइनबॅकर धाव अडवायला एक पाऊल पुढे आला, तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने नुकत्याच सोडलेल्या जागेत फेकायचा. तो जागीच थांबला, तर चेंडू सोडून द्यायचा. लाइनबॅकर जे करेल ते चूकच ठरावं, अशी रचना आहे. पळण्याचं सोंग करून फेकण्याची जुनी प्ले-अॅक्शन चाल ही लेगस्पिनरच्या गुगलीसारखी होती, टाकणाऱ्याने मनात आधीच ठरवलेली. आरपीओत मात्र चेंडू हातातून सुटेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं.

हे कॉलेजातच इतकं फोफावलं याचं कारण नियमांत आहे. पास सुटण्याआधी लाइनच्या गड्यांना कॉलेजात तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. हे दोन यार्ड म्हणजेच आरपीओचं सगळं भांडवल. धावेसाठी ढकलत निघालेला दीडशे किलोचा गडी एका यार्डावर ब्रेक लावू शकत नाही, पण तीन यार्डांत बऱ्याचदा निभावतं. आणि साडेतीन झालेच तर त्या गोंधळात पट्टी घेऊन कोण बसलंय! हॅश म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन उभ्या रांगा, प्रत्येक चाल त्यांच्या दरम्यान सुरू होते. या दोन हॅशमधलं अंतरही कॉलेजात एनएफएलच्या दुपटीहून जास्त, चाळीस फूट. त्यामुळे चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूचं मैदान ऐसपैस मोकळं राहतं आणि तेवढं सगळं बचावाला राखावं लागतं.

कौतुक इथपर्यंत. आरपीओने खेळ एकसुरी केला, ही माझी तक्रार आहे. शनिवारी चार वाहिन्या फिरवा, चारही ठिकाणी तीच रचना, तोच पोटाशी नेलेला चेंडू, तोच बाजूला टाकलेला दोन यार्डांचा पास. हा पास नोंदीत पास म्हणून चढतो, पण वृत्तीने ती धावच असते, फक्त हवेतून दिलेली. म्हणून हल्लीच्या सामन्याचे धावा-पासांचे आकडे बघून प्रशिक्षकाच्या मनात काय होतं हे कळतच नाही. तिकडे बचावही शिकले आहेत. प्रत्येक रिसीव्हरवर एकेक माणूस चिकटवला की ज्याला कोंडीत पकडायचं तो लाइनबॅकर मोकळा होतो आणि सरळ धावेवर तुटून पडतो. मग उरतात दोनच मार्ग: समोरच्याला खरोखर ढकलून जागा करायची, किंवा एकट्या राखणदाराच्या डोक्यावरून लांब फेकायचं. चतुराई इथे संपते, पुढे माणसं लागतात.

ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर समोर मिशिगन. मिशिगनची ताकद बचावाच्या मधोमध, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या दोन पहाडांत. ओहायो स्टेटच्या स्वतःच्या लाइनमधले दोन मोहरे हंगामात आधीच जायबंदी झालेले. उलट कडेला जेरेमाया स्मिथसारखे देशातले उत्तम रिसीव्हर. तरीही त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा मधूनच पळाले: २६ धावा, ७७ यार्ड, आणि १०-१३ असा पराभव. मर्दानी खेळाचा हा कैफ या दोन विद्यापीठांच्या वैरात इतका मुरलेला आहे की डोळ्यांसमोरचं कुणाला दिसत नाही. संतुलनाच्या नावाखाली त्यांनी आपलं सगळ्यांत धारदार शस्त्र म्यानात ठेवलं.

मग तोच संघ प्लेऑफमध्ये गेला आणि आधी फेकू लागला. २० जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे पहिले तेराच्या तेरा पास पोचले. नोत्र दामचा बचाव मागे सरकला तशी रनिंग बॅक क्विन्शॉन जडकिन्सला सत्तर यार्डांची वाट मोकळी मिळाली. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना ३१-२३ अशी आघाडी, तिसरी संधी, अकरा यार्ड हवेत. पुस्तकी सल्ला सांगतो की पळा आणि घड्याळ खाऊ द्या. त्यांनी स्मिथकडे लांब फेकला, ५६ यार्ड मिळाले, आणि सामना तिथेच मिटला.

मिशिगनचंही असंच. पेन स्टेटनंतर दोन महिन्यांनी ह्यूस्टनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं, ३०३ यार्ड पळून. समोर वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स ५१ पास टाकत होता. मॅकार्थी फेकू शकतो हे वॉशिंग्टनला माहीत होतं, म्हणून त्यांना धाव अडवायला सगळी फौज मध्ये लोटता येत नव्हती. पेनिक्सच्या संघाला त्या रात्री पळून काही मिळत नव्हतं, आणि मिशिगनच्या बचावाला तेही माहीत होतं.

विशबोनच्या घराण्यातले म्हणण्यासारखे संघ आता मुख्यतः लष्करी अकादम्यांत उरले आहेत. २०२२ मध्ये कमरेखाली आडवं पडून अडवण्यावर बंधनं आली आणि त्यांचं हत्यार अर्धं बोथट झालं. तरी २०२४ मध्ये आर्मीने १२ सामने जिंकले, ज्या परिषदेत, म्हणजे संघांच्या गटात, ती नव्याने सामील झाली होती तिचं विजेतेपद पहिल्याच वर्षी मिळवलं, आणि क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने हंगामात ३२ टचडाउन स्वतः पळून केले. नेव्हीने मात्र त्या वर्षी नवा आक्रमण-प्रशिक्षक आणून जुन्या धावखेळात मोकळ्या मैदानाचे पास मिसळले होते. १४ डिसेंबरला दोघं भेटले. नेव्हीचा क्वार्टरबॅक ब्लेक हॉर्वाथ दोनशेहून जास्त यार्ड पळाला आणि त्याच्या मोजक्या पासांतले दोन टचडाउन ठरले. आर्मी मागे पडली. पिछाडी भरून काढायची तर फेकणं भाग होतं, आणि वर्षभर क्वचितच फेकणाऱ्या डेलीचे तीन पास नेव्हीने झेलले. ३१-१३.