पताकांचं परीक्षण

मराठीत पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, दिवाळी अंकांची तर पुढच्या दिवाळीपर्यंत होत राहतात. पण वर्षातले दहा दिवस जिच्याखालून अख्खं गाव ये-जा करतं, त्या पताकेवर चार ओळी खरडाव्यात असं कुणा समीक्षकाला वाटलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा हे काम एका कॉमर्स ग्रॅज्युएटच्या गळ्यात पडलं आहे.

निमित्त असं, की आमच्या नगरला (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, शिक्के बदलले, जिभा अजून बदलायच्या आहेत) गणपतीच्या पताका यंत्रावर कापून घेण्याची टूम निघाली आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर देशभर बंदी आली आणि निदान नियमात तरी कागदाला पुन्हा बरे दिवस आले. कागदामागोमाग हे यंत्र आलं.

यंत्राच्या जाती दोन. घरगुती जात ती क्रिकट वगैरे. दिसायला प्रिंटर, फक्त शाईच्या जागी पातं. बारा इंची चिकट चटईवर कागद चिकटवायचा, मोबाइलवर नक्षी निवडायची आणि बटण दाबायचं. दुसरी जात रेडियमवाल्याच्या दुकानातली, जिच्यावर नंबरप्लेटी आणि ‘आईचा आशीर्वाद’ कापले जातात. या दुकानात रेडियम औषधालाही नसतं. असतो तो उजेड परतवणारा चिकट कागद. क्यूरी दांपत्यानं १८९८ साली एवढे कष्ट करून शोधलेला पदार्थ एसटी स्टँडसमोर फुटावर मिळतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

आधी गुण. कात्रीला मधली नक्षी कापायची तर कागदाची घडी घालावी लागते, आणि घडीला दोनाच्या पटीपलीकडचा हिशेब येत नाही. दोन, चार, आठ, सोळा. चोवीस आऱ्यांचं चक्र हवं असेल तर आधी तीन सारखे भाग करा, आणि तीन सारखे भाग म्हणजे तीन भावांतल्या वाटणीइतकंच अवघड काम. यंत्र चोवीस आरे विनातक्रार कापून देतं. दुर्दैव एवढंच, की तिरंगी कागदावर ते चक्र आलं की झाला राष्ट्रध्वज, आणि राष्ट्रध्वजाची पताका करायला ध्वजसंहितेची मनाई आहे. म्हणजे यंत्राचं सर्वात देखणं काम टांगायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

अक्षरांत मात्र ते नापास. संगणकावर काना, मात्रा आणि शिरोरेषा हे वेगवेगळे तुकडे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. ते आधी एकजीव केले नाहीत, तर पातं प्रत्येक तुकड्याच्या कडेनं इमानदारीत फिरतं. आमच्याकडे ‘मोरया’ची मात्रा अशीच गळून पडली आणि पहिला दिवस गणपती बाप्पा ‘मारया’ होऊन रस्त्यावर झुलत होते.

पण माझा खरा आक्षेप वजनाचा आहे. पतंगी कागद म्हणजे नुसता श्वास. तो चिकट चटईवरून सोलताना फाटतो, म्हणून यंत्रासाठी जाड कार्डपेपर घेतात. जाड कागद वाऱ्याला भीक घालत नाही. पताका लांबून, खालून, चालता चालता बघायची वस्तू. वीस फुटांवरच्या तिच्या पोटातली जाळी दिसते कुणाला? तिनं फडफडावं, दोन माळांनी एकमेकींत कुजबुजावं, एवढीच अपेक्षा. यंत्राच्या पताका न वटलेल्या चेकांसारख्या स्तब्ध लटकतात. शिवाय आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, पाऊस यायचा तो बहुधा सप्टेंबरात, म्हणजे नेमका गणपतीच्या आसपास. पतंगी कागद भिजला की निदान खालच्या पांढऱ्या सदऱ्यांवर रंग टाकून सणाची आठवण ठेवतो. कार्डपेपर भिजला की नुसता मान टाकतो.

आता पोरांचं बघा. गल्लीतल्या पोरांना मंडळात प्रवेश मिळतो तो पताका चिकटवण्याच्या वाटेनं. वर्गणीला न्यायला ती लहान, मूर्ती धरायला लहान, ढोल अडकवायला तर फारच लहान. खळीत हात घालायला मात्र अगदी वयात आलेली. पायरीवर सुतळी ताणायची, कागद दुमडायचे, आणि कुणाची माळ वाकडी यावर रात्री अकरापर्यंत भांडायचं. गेल्या वर्षी पताका दुकानातून रबरबँड लावून, नोटांच्या गड्ड्यांसारख्या आल्या. पोरं जमली, गड्ड्यांकडे बघितलं आणि विचारती झाली, ‘‘काका, मग आम्ही काय करू?’’ ‘‘लांबून बघा,’’ असं एका पदाधिकाऱ्यांनी सांगितलं. पोरं लांबून बघायला गेली ती आरतीलाही लांबच राहिली.

खजिनदार म्हणतात, वेळ वाचला. मी हिशेब मांडला. चाळीस फुटी रस्ता, सहा इंचांवर एक पताका, म्हणजे माळेला ऐंशी. पंचवीस माळांना दोन हजार. घरगुती यंत्राच्या चटईवर एका वेळी सहा बसतात, म्हणजे चटई ३३४ वेळा आत-बाहेर, आणि नक्षीतल्या कपच्या टोचणीनं काढायच्या त्या वेगळ्याच. पोरं सोळा थर एकदम कापतात: १२५ घड्या, खेळ खलास. मेक्सिकोतले कारागीर तर पातळ कागदाचे पन्नासेक थर एकावर एक रचून छिन्नी-हातोड्यानं नक्षी पाडतात. ‘पापेल पिकादो’ म्हणतात त्या पताकांना. पातळ कागद, भरपूर थर आणि वाऱ्याला जागा. मथुरेच्या सांझीवाल्यांची कात्री मात्र एकेका कागदात एवढं बारीक काम करते, की यंत्रानं तिच्याकडे शिकवणी लावावी.

पुढच्या वर्षी मखरामागची कमान यंत्रावर आणि रस्त्यावरच्या माळा पोरांकडे, असा ठराव मी मांडला आहे. तो तूर्त विचाराधीन आहे, कारण पतंगी कागद दाळमंडईत स्वस्त की कापड बाजारात, यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत.