शर्यतीचे स्मरणरंजन

आठवणींचे पीक अलीकडे मराठीत उदंड येऊ लागले आहे. पीक उदंड आले की भाव पडतो, हे आम्हां वऱ्हाडकरांना कापसाने पुरेपूर शिकविले. पण आठवणींच्या बाजारात तसे काही घडलेले दिसत नाही. गौरवग्रंथ, गावांचे इतिहास, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि आपले हे दिवाळी अंक, सगळीकडे त्यांची आवक चालूच आहे. त्यांतल्या एका वाणाविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे. तो वाण म्हणजे शर्यतींच्या आठवणी. आमच्याकडे अर्थातच शंकरपटाच्या.

ज्यांनी पट पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सुगी आटोपली, रान मोकळे झाले, की थंडीच्या दिवसांत विदर्भातल्या गावोगावी पट भरतो. सरळ आखलेली धावपट्टी असते, तिला दाण म्हणतात. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि हाकणारा एक धुरकरी. जी जोडी कमी वेळात दाण संपवील तिची जीत. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटाचे नाव मोठे. तेथे स्त्रियांनीही जोड्या हाकल्या आहेत. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे.

आता या पटाच्या आठवणी लिहिल्या जातात कशा, ते पाहा. आजोबांची पांढरीशुभ्र जोडी, तिच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, दाणीवर उडालेला धुरळा, माणसांचा गलका, रात्रीच्या नाटकातली पेटी, कागदात बांधून आणलेली जिलबी, आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ हा उसासा. यांतले काहीच खोटे नाही. परंतु गावाचे आणि आजोबांचे नाव तेवढे बदलले, तर एकाची आठवण दुसऱ्याच्या अंगावर बेमालूम बसते. जी आठवण कुणाच्याही अंगावर बसते ती नेमकी कुणाची म्हणावयाची? लेखक आठवतो आहे तो पट नव्हेच. तो आपले बालपण आठवतो आहे, आणि पट हा त्या बालपणामागे लावलेला पडदा आहे.

अशा लेखनाकडे पाहताना मी एक साधी कसोटी लावतो. शर्यतीच्या आठवणीत धावणारा कोठे आहे? त्याचे अंग, त्याची धाप, त्याचे भय, त्यामागे राबलेले हात हे सारे त्या आठवणीत आहे काय? नसेल तर भाषा कितीही गोड असो, तो लेख प्रेक्षकाने स्वतःविषयी लिहिलेला आहे असे म्हणावे लागेल.

ही तक्रार फक्त वऱ्हाडापुरती आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. ज्यांच्याकडे बैलांऐवजी मोटारी धावल्या, त्या युरोपातही हा वाण जोमाने पिकतो. तेथे १९५० ते १९७० या काळाला स्पोर्ट्स मोटारींच्या शर्यतीचा सुवर्णकाळ म्हणतात. लाल, हिरव्या, रुपेरी मोटारी, गॉगल लावलेले देखणे चालक, रस्त्याच्या दुतर्फा लोटलेली गर्दी: धुरळा तोच, उसासाही तोच. परंतु त्यांच्याकडे या प्रकारातला एक लेख असा आहे की तो माझ्या कसोटीला पुरेपूर उतरतो, आणि म्हणूनच त्याची ओळख करून देणे मला अगत्याचे वाटते.

इटलीत ‘मिल्ले मिलिया’, म्हणजे हजार मैलांची, शर्यत होत असे. ब्रेशा गावाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला यावयाचे, तेही साध्या वाहत्या रस्त्यांनी. गावांतून, पुलांवरून, घाटांतून. १९५५ साली ती स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने मर्सिडीज मोटारीतून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर. त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा एक ठेंगणा, दाढीवाला पत्रकार बसला होता, आणि त्या प्रवासाची हकीकत त्याने ‘मोटर स्पोर्ट’ मासिकात लिहिली. वेगाच्या वाङ्मयात तिला आज अभिजात मानतात.

त्या लेखाचे सामर्थ्य कशात आहे? जेंकिन्सन वेगाचे स्तोत्र गात नाही. तो कामाचा हिशेब देतो. शर्यतीपूर्वी दोघांनी तो सगळा रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला, प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक उंचवटा टिपून घेतला, आणि ती टिपणे एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर उतरवली. ती गुंडाळी एका डबीत बसवली. मोटारीत यंत्राच्या आवाजापुढे माणसाचा शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून हातांच्या खुणा ठरविल्या. जेंकिन्सन गुंडाळी सरकवीत खुणा करणार आणि मॉस त्या खुणांवर विश्वास टाकून न दिसणाऱ्या वळणात मोटार घालणार. मग तो लिहितो की वाटेत आपल्याला ओकारी आली, आणि त्यात चष्मा वाऱ्यावर उडून गेला. जवळ दुसरा चष्मा होता, म्हणून निभावले. विजेत्याच्या शेजारी बसलेला माणूस आपली ओकारी लपवीत नाही, म्हणून त्याने सांगितलेल्या विजयावर आपला विश्वास बसतो. धावणाऱ्याचे अंग या लेखात आहे, आणि त्यामागची मेहनतही आहे.

तरीसुद्धा एकटा जेंकिन्सन वाचून सुवर्णकाळाविषयी मत बनविणे बरे नव्हे. त्याच वर्षी ११ जून रोजी फ्रान्समध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लेव्हेची मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळून उडाली, तिचे जळते तुकडे गर्दीत घुसले, आणि लेव्हेसह ऐंशीहून अधिक माणसे मेली. शर्यत थांबविली गेली नाही. दोन वर्षांनी, १९५७ साली, मिल्ले मिलियाच्या मार्गावर ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो द पोर्तागो याची फेरारी रस्ता सोडून लोकांत शिरली. तो, त्याचा जोडीदार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पाच मुले होती. खुल्या रस्त्यावरची ती वेगाची शर्यत तेथेच संपली. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या मोटारींची शोभायात्रा निघते, आणि आठवणी बहुधा त्या शोभायात्रेच्या रंगात लिहिल्या जातात. मायकेल मान या दिग्दर्शकाने २०२३ च्या ‘फेरारी’ चित्रपटात ग्विदित्सोलोचा तो प्रसंग न टाळता दाखविला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. सोन्याची झळाळी सांगणाऱ्याने सोन्याची किंमतही सांगावी, एवढेच मागणे आहे.

आता पुन्हा आपल्या दाणीवर येऊ. येथे प्रश्न अधिक बिकट होतो. मॉस आणि जेंकिन्सन आपल्या खुशीने मोटारीत बसले होते. मोटारीला दुखत नाही. बैलाला दुखते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. तुतारीची आर, पिरगाळलेले शेपूट, तोंडाला आलेला फेस या गोष्टी दाणीवर उभा राहिलेला प्रत्येक माणूस जाणतो. आणि आठवणीत मात्र त्यांचा मागमूस नसतो. जोडी प्रसिद्ध होते ती मालकाच्या नावाने. जो सालदार तिला पहाटे उठून सरकी-ढेप चारतो, खरारा करतो, तिच्या शेजारी गोठ्यात झोपतो, त्याचे नाव आजोबांच्या गोष्टीत येत नाही. म्हणजे आमच्या आठवणींतून धावणारा गेला आणि राबणाराही गेला. उरला तो धुरळा.

यावर कोणी म्हणेल, ललित लेखाकडून एवढी अपेक्षा कशाला? चार घटका मन रमले म्हणजे झाले. परंतु गेल्या काही वर्षांत या आठवणींना निराळेच वजन प्राप्त झाले आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट मोकळी करून दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अशा दुरुस्त्या वैध ठरविल्या. या सगळ्या वादात एका बाजूचा मुख्य आधार परंपरा हाच होता. परंपरा म्हणजे तरी काय? पुष्कळ लोकांनी मिळून ठेवलेली आठवणच. तेव्हा आठवण आता केवळ ओसरीवरची गोष्ट राहिलेली नाही, ती साक्ष झाली आहे. आणि साक्षीदाराने अर्धे सांगून चालत नाही.

मी शर्यतीच्या विरुद्ध लिहितो आहे, असा कोणी अर्थ काढू नये. वेगात एक आनंद आहे. दाण मोकळी झाली आणि जोडी सुटली की काठावरच्या म्हाताऱ्याचेही पाय जमिनीवर ठरत नाहीत. त्या आनंदाला खोटे म्हणणारा माणूस कधी पटाला गेलाच नसावा. परंतु ज्या जीवनातून पट निघाला ते जीवन आता फार पातळ झाले आहे. पोळ्यावर निबंध लिहावयास सांगितला की वर्गातली निम्मीअधिक मुले ‘बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ अशी सुरुवात करतात, आणि त्यांतल्या कितीएकांच्या घरी नांगरट, पेरणी, वाहतूक सगळे ट्रॅक्टरवर चालते. पूर्वी शेतात राबणारा बैल चार दिवस दाणीवर पळे. आज दाणीवर पळणारा बैल पुष्कळदा दाणीसाठीच सांभाळलेला असतो. बैल रानातून गेला तेव्हाच तो स्मरणरंजनात शिरला. मिल्ले मिलियाच्या जुन्या मोटारींचेही असेच झाले.

म्हणून शंकरपटावर लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकांना एक सुचवावेसे वाटते. जेंकिन्सनचे अनुकरण करू नका, पण त्याची हिशेबी नजर घ्या. ज्यांनी धुरकरी म्हणून दाणी गाजविल्या आणि ज्यांनी सालदार म्हणून जोड्या पोसल्या, अशी म्हातारी माणसे वऱ्हाडातल्या गावांतून अजून भेटतात. त्यांच्यापाशी बसा. उजवीला कोणता बैल जुंपत आणि का, जोड जमवावयास किती दिवस लागत, छकड्याचे वजन कोठे कमी करीत, बैल बुजला तर काय करीत, धुरकरी पडला तर त्याचे घर कोण चालवी, हे विचारा. जिंकलेल्या जोडीबरोबर हरलेल्या जोडीचीही चौकशी करा. आणि एक प्रश्न मात्र विसरू नका, कारण तो अद्याप आमच्या कोणत्याही आठवणीने विचारल्याचे माझ्या वाचनात नाही: पाय गेल्यावर त्या बैलाचे पुढे काय झाले?