वेड, व्याधी आणि अपराध : कायद्याच्या परिभाषेची चिकित्सा

भारतातील मानसिक आरोग्यविषयक धोरणाचा इतिहास बहुधा इस्पितळे, खाटा व तज्ज्ञ यांच्या संख्येवरून लिहिला जातो. कायद्यांतील व्याख्याकलमे हे त्याच इतिहासाचे दुसरे साधन होय. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. १९१२ च्या ल्युनसी ॲक्टने व्याख्या केली ती माणसाची : 'ल्युनॅटिक' म्हणजे जडबुद्धी अथवा विकल मनाचा इसम. १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टात 'मनोरुग्ण व्यक्ती' आली व तिला उपचारांची गरज आहे हे व्याख्येतच सांगितले गेले. तथापि व्याख्येचा विषय माणूसच राहिला. २०१७ च्या अधिनियमाने मात्र व्याख्या केली ती आजाराची.

हा फरक केवळ सौजन्याचा नव्हे. मराठीत 'त्याला वेड लागले' असे म्हणतात; भूक लागते, तहान लागते, तसेच वेडही लागते. वाक्याचा कर्ता वेड हे आहे, माणूस चतुर्थीत आहे. जे लागले ते सुटूही शकते, असा या रचनेचा ध्वनी आहे. 'वेडा इसम' ही कचेरीतील रचना ती शक्यताच पुसून टाकते. (गाण्याचे वेडही 'लागते'च, 'ल्युनॅटिक' या शब्दात ही सोय नाही.) अर्थात शब्द बदलल्याने साखळ्या तुटत नाहीत. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत २८ रुग्ण दगावले, त्यांतील बहुतेक साखळ्यांनी जखडलेले होते. आणि १९८७ चा कायदा तर १९९३ पासून अंमलात होता.

आत्महत्येच्या प्रश्नात परिभाषेचे वजन अधिक जाणवते. 'जीव देणे' या बोलीतील प्रयोगात दोषारोप नाही. 'आत्महत्या' हा शब्द मात्र ब्रह्महत्या, गोहत्या यांच्या पंक्तीत बसतो. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३०९ त्या प्रयत्नास एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगत असे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले; १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते पुन्हा वैध मानले. २०१३ च्या विधेयकात असा प्रयत्न करणारी व्यक्ती मानसिक आजाराने ग्रस्त असल्याचे गृहीत धरले होते. २०१७ च्या कायद्यात, कलम ११५ मध्ये, त्या जागी 'तीव्र ताण' आला. ही दुरुस्ती योग्यच म्हणावी लागेल. कर्जाने, कलहाने वा अपमानाने खचलेल्या प्रत्येकास रोगी ठरविणे म्हणजे अपराधाच्या खोलीतून काढून दुसऱ्या बंद खोलीत नेणे होय.

आकडेवारीचा अर्थ लावताना हा सारा इतिहास ध्यानी ठेवावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१० साली १,३४,५९९ आत्महत्यांची नोंद आहे. त्याच वर्षासाठी 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज सुमारे १,८७,००० होता. नोंद पोलिसांकडे, आणि जगलेला आरोपी : अशा स्थितीत कुटुंबीयांनी 'अपघात' हा शब्द पसंत केला असल्यास नवल नाही. पुढे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण २०१७ मध्ये ९.९ व २०२२ मध्ये १२.४ (एकूण १,७०,९२४) असे नोंदले गेले. या वाढीवरून नवा कायदा निष्फळ ठरला असे म्हणणाऱ्यांनी प्रथम हे दाखवावयास हवे की, वाढले ते मृत्यूच, नोंदविण्याचे धैर्य नव्हे. उलट, वाढ केवळ नोंदीची आहे असे मानून निश्चिंत होणाऱ्यांवरही पुराव्याचा तोच भार आहे. गुन्हे मोजणाऱ्या यंत्रणेच्या कोष्टकांतून हा निवाडा होणे कठीण; मृत्युनोंद आरोग्यखात्याच्या हाती असती, तर निदान प्रश्न तरी नीट मांडता आला असता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरले नाही. परंतु लोकसेवकास भाग पाडण्याच्या वा रोखण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न कलम २२६ नुसार अद्याप अपराधच आहे. कलम ११५ चे शब्द जुन्या संहितेच्या ३०९ ला बांधलेले आहेत. तेव्हा कचेरीच्या दारात जीव द्यावयास निघालेल्या शेतकऱ्याला 'तीव्र ताणा'चे गृहीतक लागू होते की नाही, हा प्रश्न आता अर्थनिर्णयाचा झाला आहे.