स्वमग्नता आणि मेंदूतील संयोजन : एका उपपत्तीचे परीक्षण

एखाद्या उपपत्तीचे बल तिला अनुकूल असलेल्या पुराव्याच्या राशीवरून ठरत नाही. तोच पुरावा दुसऱ्या एखाद्या कारणाने उत्पन्न होऊ शकतो की काय, या प्रश्नास तिला उत्तर देता येते किंवा नाही, यावरून ते ठरते. स्वमग्नतेसंबंधीच्या मेंदूप्रतिमा-संशोधनात गेल्या दोन दशकांत जी उपपत्ती विशेष मान्यता पावली, तिला ही कसोटी लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही उपपत्ती अल्पसंयोजनाची होय. २००४ साली पिट्सबर्ग येथील मार्सेल जस्ट, नॅन्सी मिन्शू व त्यांचे सहकारी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांची भाषा व बुद्धी चांगली विकसित झालेली आहे अशा १७ स्वमग्न व्यक्ती आणि तुलनेसाठी निवडलेल्या १७ इतर व्यक्ती यांना एमआरआय यंत्रात वाक्ये वाचावयास देण्यात आली. वाक्यातील क्रिया कोणी केली अथवा ती कोणावर घडली, हे त्यांनी ओळखावयाचे होते. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील विविध क्षेत्रांचे कार्य परस्परांशी कमी मेळाने चालते, असे या प्रयोगात आढळून आले. त्याच वर्षी मॅथ्यू बेलमाँट व इतर संशोधकांनी या विचाराला पुढचे वळण दिले : स्वमग्न मेंदूत दूरदूरच्या क्षेत्रांमधील संयोजन क्षीण असावे, तर निकटच्या क्षेत्रांमधील संयोजन प्रमाणाबाहेर असावे. तपशील अचूक टिपावयाचा, परंतु त्या तपशिलांतून समग्र अर्थ मात्र सहजी जुळवावयाचा नाही, या स्वमग्नतेच्या परिचित लक्षणाशी ही कल्पना इतकी चपखल बसली, की तिचा स्वीकार झपाट्याने झाला यात नवल नाही.

तथापि ‘संयोजन’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. तो ऐकताच मेंदूत तंतू जोडलेले अथवा तुटलेले असल्याचे चित्र मनासमोर उभे राहते. या प्रयोगांत प्रत्यक्ष मोजले जाते ते निराळेच. रक्तातील प्राणवायूशी निगडित असा एक संकेत यंत्र टिपते. दोन क्षेत्रांतील संकेतांचे चढउतार कितपत बरोबरीने होतात, ते गणिताने काढले जाते. मनुष्य स्वस्थ पडून असतानाही हाताच्या हालचालींशी संबद्ध अशा दोन्ही अर्धगोलांतील क्षेत्रांचे चढउतार एकमेकांशी जुळतात, हे भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले आणि या अभ्यासपद्धतीचा पाया घातला गेला. म्हणजे ज्याला संयोजन म्हणावयाचे तो एक सहसंबंध आहे. आणि सहसंबंध अनेक कारणांनी घटतो व वाढतो.

अशा कारणांपैकी एक कारण अत्यंत साधे निघाले, ते म्हणजे डोके हलणे. २०१२ साली तीन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखविले, की यंत्रात पडलेल्या व्यक्तीचे डोके मिलिमीटरच्या अंशाइतके हलले, तरी दूरच्या क्षेत्रांमधील सहसंबंध घटलेले आणि निकटच्या क्षेत्रांमधील वाढलेले दिसतात. त्यांपैकी सेंट लुईस येथील जोनाथन पॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर स्वतःच्या गटाने पूर्वी जमविलेली सामग्रीही या दृष्टीने पुन्हा तपासली, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. दूरचे क्षीण आणि निकटचे प्रबळ हे नेमके तेच चित्र आहे, जे स्वमग्नतेचे गमक म्हणून मांडले गेले होते!

आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला ‘सव्यभिचार’ म्हटले असते. जो हेतू साध्य असेल तेथे आढळतो आणि नसेल तेथेही आढळतो, त्याच्यावरून अनुमान सिद्ध होत नाही. स्वमग्नतेचा लवलेश नसलेल्या व्यक्तीचे डोके हलले तरी हे चित्र उमटते. त्यातच स्वमग्न मुले यंत्रात सरासरीने अधिक हालचाल करतात, ही अडचण आहे. २०१४ साली कामी कोल्डविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील तंतुमार्गांच्या अभ्यासात दोन्ही गटांतील हालचालींचे प्रमाण सारखे राखले. तेव्हा तपासलेल्या मार्गांपैकी एकाच मार्गात फरक शिल्लक राहिला.

यावरून उपपत्ती सर्वस्वी बाद ठरली, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१४ साली ‘अबाइड’ या सामायिक संग्रहाचे पहिले विश्लेषण प्रसिद्ध झाले. १७ केंद्रांतील ५३९ स्वमग्न आणि ५७३ इतर व्यक्तींच्या प्रतिमा त्यात एकत्र आल्या होत्या. मेंदूच्या बाह्यकातील क्षेत्रांमध्ये अल्पसंयोजन अधिक दिसले. परंतु बाह्यकाखालील केंद्रांच्या संबंधात अतिसंयोजनही दिसले. त्याच्या आदल्याच वर्षी कौस्तुभ सुपेकर, विनोद मेनन आदींना लहान मुलांत अतिसंयोजन आढळले होते. २०१५ साली अव्हिटल हाहामी व सहकाऱ्यांनी या विसंगतीचा एक विचार करण्याजोगा उलगडा सुचविला : प्रत्येक स्वमग्न व्यक्तीची संयोजनरचना सर्वसाधारण रचनेपासून आपापल्या परीने वेगळी असते. हे खरे असेल, तर गटाच्या सरासरीतून ‘स्वमग्न मेंदू’ नावाची एकच वस्तू शोधण्याचा खटाटोपच मुळात चुकीच्या दिशेने चाललेला असावा.

परंतु याहूनही गंभीर प्रश्न शिल्लक राहतो. हालचालीचा दोष टाळावयाचा तर हलणाऱ्यांच्या प्रतिमा वगळणे भाग पडते. मग उरते कोण? २०२२ साली बाल्टिमोर येथील मेरी बेथ नेबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. प्रतिमांच्या गुणवत्तेची चाळणी लावली असता स्वमग्न मुले इतर मुलांपेक्षा अधिक प्रमाणात वगळली जातात. आणि जी चाळणीतून पार पडतात ती वयाने मोठी, बुद्धिमापनात सरस आणि सामाजिक अडचणी तुलनेने सौम्य असलेली असतात, असे त्यांना दिसून आले. म्हणजे एक दोष दूर करण्याचा उपायच दुसरा दोष निर्माण करतो. आपण जिला स्वमग्नतेची प्रतिमा म्हणतो, ती बहुतांशी निश्चल पडून राहू शकणाऱ्यांची प्रतिमा असते.

ही केवळ पद्धतीची बाब नव्हे. १९४३ साली त्याच बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, त्यांपैकी तिघांना वाचा नव्हती. अशा मुलांचे पालक जेव्हा मेंदूविज्ञानाकडे उत्तरासाठी पाहतात, तेव्हा त्यांच्या हाती येणारे उत्तर बहुधा दुसऱ्याच मुलांवरून काढलेले असते. तेव्हा या विषयातील कोणताही निबंध वाचताना अभ्यासकाने निष्कर्षाआधी एक आकडा शोधावा : किती मुले यंत्रापर्यंत आली आणि त्यांतील किती अखेरच्या गणनेत उरली. तो आकडा जेथे दिलेला नसेल, तेथे निष्कर्षाची व्याप्तीही अनिश्चितच समजावी.