‘कुटुंब’ या संज्ञेची मर्यादा : बालग्राम-कल्पनेचे परीक्षण

निराधार मुलांच्या संगोपनाची चर्चा करताना ‘कुटुंबसदृश’ हे विशेषण आपल्या लेखनात फार सैलपणे वापरले जाते. हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे जिचा पाया घातला, ती ‘एसओएस बालग्रामा’ची कल्पना मुळात तशी सैल नव्हती. माता, भावंडे, घर आणि ग्राम या चार तत्त्वांवर ती उभी आहे. तिचे परीक्षणही या तत्त्वांच्याच आधारे होणे न्याय्य ठरेल.

यांपैकी भावंडांचे तत्त्व प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाचे वाटते. जुन्या अनाथालयांत मुलांची विभागणी बहुधा वय आणि लिंग पाहून होई. आईबाप गमावलेल्या मुलाला त्यामुळे सख्खी बहीणही दुरावे. ग्माइनर यांनी लहानमोठी मुले-मुली एका घरात ठेवली आणि सख्ख्या भावंडांची ताटातूट टाळण्याचा आग्रह धरला. हा केवळ व्यवस्थेतील फेरफार नव्हे. आईबापांच्या स्मृतीचा दुसरा साक्षीदार त्यामुळे मुलाजवळ उरतो.

मातेच्या तत्त्वाविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात आईच्या, किंवा कायमची तिच्या जागी असणाऱ्या व्यक्तीच्या, सहवासातील सातत्यावर भर दिला होता. बालग्रामातील माता ही वेतन घेणारी, रजेवर जाणारी, निवृत्त होणारी सेविका असते. यात तिचा दोष नाही. तिचे कष्ट वेतनाने मोजता येण्यासारखे नसतात, हेही खरे. परंतु नोकरीच्या नात्याला मातृत्वाचे नाव दिले की तिच्या हक्कांचा प्रश्न मागे पडतो आणि मुलाच्या वियोगाचाही.

खरी अडचण ग्रामाच्या तत्त्वात आहे. पारंपरिक रचनेत ग्रामप्रमुख पुरुष असे व माता त्याच्या हाताखाली असत. खुद्द ग्माइनर यांनी मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील संस्थेनेच जाहीर केले. कल्पना आणि तिचा जनक यांना वेगळे ठेवावे, असे यावर कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. जेथे प्रमुखालाच पित्याचे स्थान दिलेले असते, तेथे त्याच्याविरुद्धची तक्रार ही घरातली गोष्ट ठरते आणि ती ऐकणारा बाहेरचा माणूस मुलाला सापडत नाही. अनाथालयाच्या पाटीवर निदान ‘संस्था’ हा शब्द असे, आणि संस्थेची तपासणी करण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला संकोचावाचून मागता येई.