नाव बदलले, सांगाडा तोच

माझ्या घरात पदवीचे पहिले प्रमाणपत्र आले ते माझे. वडील मोंढ्यात हमाली करीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. कागद हातात घेऊन त्यांनी एकच विचारले, ‘‘ह्याच्यात बाबासाहेबांचं नाव कुठं हाय?’’ मी बोट ठेवून दाखविले. त्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरविला आणि कागद ट्रंकेत ठेवून दिला.

त्या ओळीची किंमत ह्या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. 1993 च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले. 14 जानेवारी 1994 रोजी नाव आले, तेही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून. म्हणून त्याला नामविस्तार म्हणायचे. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होऊन कार्यक्षेत्राचेही दोन तुकडे झाले. ह्या लढ्याचे मोल मी कमी करीत नाही. त्या लढ्यामुळेच मी लिहितो आहे. परंतु जे नाव आपण रक्त सांडून मिळविले ते कोणत्या वास्तूवर चढविले गेले, हा प्रश्न आपण पुरेसा विचारलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती वास्तू जुनी आहे. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. हे विद्यापीठ शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. काय शिकवायचे ते वरून ठरे, शिकणाऱ्याला जोखणाराही वरचाच. पुढे लंडनने आपला नमुना बदलला, आपण मात्र तो उराशी धरून बसलो. मराठवाडा तर आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेला होता. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले (पुढचे मिलिंद महाविद्यालय), तेही उस्मानियाशीच संलग्न होते. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मिलिंदला आठ वर्षे होऊन गेली होती. म्हणजे आमचे ज्ञानकेंद्र आधीचे, विद्यापीठ नंतरचे! तरी नव्या विद्यापीठाने सांगाडा घेतला तो संलग्नतेचाच. आवारात पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय, संशोधन. आवाराबाहेर चार जिल्ह्यांत पसरलेली शेकडो महाविद्यालये. तालुक्याच्या महाविद्यालयातला माझा विद्यार्थी विद्यापीठाला भेटतो तो वर्षातून दोनदा, प्रश्नपत्रिकेच्या रूपाने.

बाबासाहेबांनी ह्या सांगाड्याचा विचार फार लवकर केला होता. 1924 साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. विद्यापीठ हे परीक्षा घेणारे कार्यालय नव्हे, शिकविणारी संस्था असली पाहिजे, हा त्यातला गाभा. पदवीपूर्व अध्यापन आणि पदव्युत्तर काम वेगळे पाडणे म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करणे, असे त्यांनी बजावले होते. 1927 साली मुंबई कायदेमंडळात बोलताना त्यांनी दुसरी बाजू मांडली: ज्यांच्याजवळ कुवत आहे पण साधन नाही, त्यांच्यापर्यंत उच्च शिक्षण पोचविणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, आणि त्याच्या कारभारात मागासवर्गीयांना जागा हवी. ही दोन्ही म्हणणी एकत्र वाचली पाहिजेत. आपण दुसरे उचलले, ते योग्यच केले. पहिले मात्र विद्वानांच्या चर्चेपुरते सोडून दिले.

ह्याची फळे साहित्याच्या वर्गात दिसतात. दलित साहित्य अभ्यासक्रमात आले, ही साधी गोष्ट नव्हे. पण कसे आले? ज्या 1978 साली तो ठराव झाला, त्याच साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाची झोप उडविणारे ते पुस्तक आज माझ्या विद्यार्थ्यांपुढे पंधरा गुणांचा प्रश्न होऊन उभे राहते: दलित आत्मकथनाची वैशिष्ट्ये सांगा. गाईडमध्ये उत्तर तयार असते. वेदना, विद्रोह, नकार, आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ म्हणून समारोप. प्रस्थापितांनी नाकारलेले वाङ्मय प्रस्थापितांच्या परीक्षेने पचवून टाकले, तेही सन्मानाने.

मी स्वतः ह्यातून सुटलेलो नाही. एका उन्हाळ्यात मूल्यांकन केंद्रावर गठ्ठे तपासत होतो. चाळीसेक उत्तरपत्रिका एकाच गाईडच्या. मग एक वेगळी निघाली. त्या विद्यार्थ्याने वैशिष्ट्ये लिहिलीच नव्हती. आपली आजी मेलेल्या जनावराचे मांस वाळवून चान्या कशा करून ठेवी आणि त्यांचे नाव घरात पाहुण्यांसमोर का काढायचे नाही, हे त्याने दोन पाने लिहिले होते. पुस्तकाशी त्याचा धागा जोडणारे शेवटी एक वाक्य, तेही अर्धवट. नमुना-उत्तरात मुद्दे पाच, ह्याच्याकडे एकही नाही. मी पंधरापैकी पाच गुण दिले आणि पुढचा गठ्ठा ओढला. माझ्याच घरचे बोलणारा तो मुलगा, की मुलगी, कोण होता ते कळण्याची सोय नव्हती; नावाची जागा झाकलेली असते. त्याला वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हाती ती पाने पडली असती तर त्या अर्ध्या वाक्यावर बोलता आले असते. सांगाड्याला तेच नको असते.

आणि हा अभ्यासक्रम ठरवितो कोण? 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे, विद्यापरिषद आहे आणि सर्वांत खाली, पण आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, अभ्यासमंडळ आहे. अधिसभेच्या निवडणुकीत आपले कार्यकर्ते जिवाचे रान करतात. अभ्यासमंडळाच्या बैठकीची तारीखही कुणी विचारीत नाही. तिथे पुस्तक लागते, गळते, प्रश्नाचा साचा ठरतो. कायद्याने शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक. तासिका तत्त्वावर राबणारा, ज्यात आमच्या पहिल्या पिढीचे पदवीधर भरपूर आहेत, त्या मतदारयादीत नाही. शिकवितो तो, ठरविणारे दुसरेच. आता नव्या धोरणात स्वायत्त महाविद्यालयांचा गाजावाजा आहे. जो शिकवील त्याने परीक्षा घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे, हे मी मान्य करतो. पण ही स्वायत्तता आधी मिळते ती ज्यांच्याजवळ मूल्यांकनाचा दर्जा, इमारत आणि भरलेली पदे आहेत त्यांना. रिकाम्या पदांच्या तालुका महाविद्यालयाला गाईडच उरते.

तेव्हा नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमणाऱ्या हजारोंनी अभिवादनाबरोबर काही रुक्ष मागण्याही कराव्यात. अंतर्गत गुणांचा वाटा वाढवा आणि तो शिकविणाऱ्याच्या हाती द्या. पदव्युत्तर विभागातल्या प्राध्यापकाने वर्षाला एक विषय तालुक्यात येऊन शिकवावा. तासिकेच्या शिक्षकाला अभ्यासमंडळासाठी मत द्या. ह्या मागण्यांवर घोषणा नीट बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मी स्वतः त्या मंडळाकडे दोनदा लेखी सूचना पाठविल्या आहेत. उत्तर आलेले नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माझे चालू वर्षाचे तास संपलेले असतील.